आधीं दवाखाना, मग विमा

अवर्षण, कर्ज आणि कोर्टकज्जे ह्या तीन गोष्टींनीं शेतकऱ्याचें घर बसतें, असें पूर्वीपासून बोललें जातें. ह्या तिहींच्या जोडीस चौथी एक गोष्ट केव्हांचीच येऊन बसली आहे, व ती म्हणजे आजारपण. पहिल्या तिहींविषयीं शेतकऱ्यांच्या सभांतून व मासिकांतून पुष्कळ ऊहापोह होतो. त्यांवर कायदे होतात, समित्या बसतात. चौथीविषयीं मात्र आपण ‘नशिबाचा भोग’ म्हणून गप्प बसतों. ही उदासीनता आतां परवडण्यासारखी राहिली नाहीं, म्हणून प्रस्तुत लेखांत ह्या विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आम्हीं उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत काढली. तेवढ्या अवधींत किती फेरफार नोंदी डोळ्यांखालून गेल्या त्यांची गणती नाहीं. ‘खरेदीखतान्वयें अमक्याचें नांव कमी करून तमक्याचें दाखल केलें’ एवढाच मजकूर त्या नोंदींत असतो. जमीन कां विकली हें लिहिण्याचा रकाना त्या वहींत नाहीं. पण गांवास कारण ठाऊक असतें, आणि कारकुनासही तें कालांतरानें कळतें. कोणाच्या वडिलांस पक्षाघात झाला, कोणाचें मूत्रपिंड निकामी झालें, कोणाची सून बाळंतपणांत अडली. आणि विहिरीजवळचा चांगला एकर गेला. दुष्काळानें गेलेलें पीक पुढील मृगास पुन्हां पेरतां येतें. आजारापायीं विकलेला एकर पुन्हां त्याच घराच्या नांवावर चढल्याचें आम्हीं क्वचितच पाहिलें.

ह्या संकटावर उपाय म्हणून दोन मार्ग सांगितले जातात. पहिला असा कीं, सरकारनें करांच्या उत्पन्नांतून दवाखाने चालवावे, आणि गरीब-श्रीमंत, जमीनवाला-मजूर असा भेद न करितां सर्वांस तेथें मोफत उपचार मिळावे. दुसरा असा कीं, ज्यानें त्यानें आपापला आरोग्यविमा उतरवावा, वर्षास हप्ता भरावा, व आजार आला असतां कंपनीनें खाजगी रुग्णालयाचें बिल चुकतें करावें. ज्या घरांस ऊस, द्राक्षें वा डाळिंबें ह्यांचा चार पैशांचा आधार आहे, अशा घरांतून दुसऱ्या मार्गाकडे ओढा वाढूं लागला आहे. ‘सरकारी दवाखाना गरिबांसाठीं, आपण पॉलिसी घेतली, आपण सुटलों,’ असे उद्गार आमच्या कानीं वारंवार पडतात. ह्या समजुतींत शेतकऱ्याचा घात आहे असें आमचें मत आहे. तें कां, हें आतां पाहूं.

विमा ही वस्तु शेतकऱ्यास नवी नाहीं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ सालीं सुरू झाली. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यानें एका रुपयांत पीकविमा दिला, आणि २०२५ सालीं ती सवलत बंद होऊन पुन्हां हप्ता भरावा लागूं लागला. ह्या अवधींत शेतकरी विम्याची भाषा चांगली शिकला. नुकसान झाल्याचें बहात्तर तासांत न कळविल्यामुळें कित्येकांचे दावे फेटाळले गेले. मंडळाचें सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या वर राहिल्यामुळें ज्याचें वावर धुऊन गेलें त्यास कांहींच न मिळाल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. करारांतील कलम आपणांस कळतें तें नुकसान होऊन गेल्यावर, हा धडा शेतकऱ्यानें पदरमोड करून घेतला आहे. आरोग्यविम्याचें पुस्तक ह्याहून सोपें असेल असें मानण्यास आधार नाहीं.

किंबहुना तें अधिक अवघड आहे. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस, अपघात वगळतां, बहुधा कोणताच आजार धरला जात नाहीं. मोतीबिंदु, अंतर्गळ अशा कित्येक विकारांस साधारणतः दोन वर्षें थांबावें लागतें. मधुमेह, रक्तदाब असे पूर्वीपासून जडलेले विकार असतील तर चार वर्षांपर्यंत थांबवीत असत. विमा नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं ही मुदत तीन वर्षांवर आणिली. त्याच वर्षीं पासष्ट वर्षांपुढील माणसांसही पॉलिसी मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु वय चढतें तसा हप्ताही चढतो. खोलीच्या भाड्यास पुष्कळ पॉलिसींत मर्यादा असते, आणि तिच्याहून महाग खोली घेतल्यास केवळ भाड्यांतच नव्हे, तर बिलांतील इतर बाबींतही त्या प्रमाणांत कपात होऊं शकते. हप्त्यावरील अठरा टक्के वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, ही चांगली गोष्ट झाली. तरीही म्हातारे आईबाप धरून घरांतील सर्वांची पॉलिसी घ्यावयाची म्हटलें, तर जिरायत शेतकऱ्याची हंगामाची शिल्लक त्यांतच संपावयाची.

ह्यावरून विमा वाईट असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जें संकट क्वचित येतें, पण आलें असतां एका घरास झेपत नाहीं, तें हजार घरांनीं वांटून घ्यावें, हें विम्याचें तत्त्व शहाणपणाचें आहे. गंजीस लागणारी आग हें असें संकट आहे. हृदयाची शस्त्रक्रिया हेंही असेंच संकट आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरचें सगळें आजारपण ह्या जातीचें नसतें. आईच्या मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, लहानग्याचा ताप व हगवण, गर्भारणीची तपासणी, कुत्रें चावल्यावर घ्यावयाच्या सुया, फवारणी करितांना झालेली विषबाधा, कंबरेचें व गुडघ्यांचें दुखणें, हीं सर्व वर्षभर चालूंच असतात. ह्यांतील बराचसा खर्च रुग्णालयांत भरती न होतां होतो, आणि साधारण पॉलिसी भरती झाल्यावांचून पैसा देत नाहीं. म्हणजे ज्या छिद्रांतून घरचा पैसा रोज थेंबथेंब गळतो, त्यास विम्याचें बूच लागत नाहीं.

सर्पदंशाचेंच उदाहरण घेऊं. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. हीं बहुतेक खेड्यांतील, शेतांत राबणारीं माणसें. रात्रीं पाणी धरावयास गेलेल्या माणसास साप चावला, तर त्या घटकेस बिल कोण भरणार हा प्रश्न नसतो. प्रतिविष किती कोसांवर आहे, हा असतो. मळेवाल्याच्या मुलास चावला काय आणि सालगड्याच्या मुलास चावला काय, जवळच्या सरकारी दवाखान्यांत प्रतिविष आहे, तें टोंचणारा डॉक्टर जागेवर आहे, आणि गाडी वेळेवर मिळाली, तरच दोघांचाही जीव वांचावयाचा. विमा पैसे देतो. डॉक्टर, परिचारिका, औषध व खाट देत नाहीं. तीं आधींच कोणीतरी उभीं केलेलीं असावीं लागतात. विरळ वस्तींत तीं उभीं करणें खाजगी धंद्यास परवडत नाहीं, म्हणून तो तालुक्याच्या गांवापलीकडे सहसा येत नाहीं. ह्यांत त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. धंद्याचा तो स्वभावच आहे.

कोणी म्हणेल कीं, आतां सरकारनेंच विमा दिला आहे, मग वाद कसला? आपल्या राज्यांत जीवनदायी योजना २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत व २०१३ च्या अखेरीस सर्वत्र लागू झाली. २०१७ सालीं तिला महात्मा फुले ह्यांचें नांव मिळालें. अमरावती विभाग, मराठवाडा व वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तिच्यांत घेण्यांत आलें. आणि जुलै २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांस, कुटुंबामागें वर्षास पांच लाख रुपयांपर्यंत, खुली झाली. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झाली. ह्या योजनांमुळें अनेकांच्या हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या व कर्करोगाच्या उपचारांची सोय झाली, आणि अनेक एकर विकावयाचे वांचले, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. तथापि ह्याही योजना मुख्यतः भरती होणाऱ्या रोग्यासाठीं, ठराविक यादींतील उपचारांसाठीं व मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठीं आहेत. आणि अशीं मोठीं रुग्णालयें बहुशः शहरांत आहेत. कार्ड खिशांत असून रुग्णालय शंभर किलोमीटरवर, अशी कित्येक तालुक्यांची स्थिति आहे.

खाजगी विम्याच्या बाजूनें सर्वांत जोराचा मुद्दा मांडला जातो तो हा कीं, सरकारला दवाखाने चालवितां येत नाहींत. डॉक्टर जागेवर नसतो, औषध बाहेरून आणावयास सांगतात, यंत्र बंद असतें. ही तक्रार पुष्कळ ठिकाणीं खरी आहे व ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यावरून विम्याचा निष्कर्ष निघतो कसा, हें आम्हांस कळत नाहीं. ज्या यंत्रणेस स्वतःच्या एका दवाखान्याची हजेरी नीट घेतां येत नाहीं, ती दुसऱ्यांच्या हजारों रुग्णालयांचीं बिलें नीट तपासूं शकेल काय? आयुष्मान योजनेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ सालीं संसदेपुढें आला. सुमारें साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नांवापुढें एकच मोबाईल क्रमांक, व तोही नऊ हा अंक दहा वेळां लिहून झालेला, असें त्यांत नमूद आहे. क्रमांक केवळ संपर्कासाठीं असतो, पडताळणीसाठीं नव्हे, असा सरकारचा खुलासा आहे. तो मान्य केला तरी ज्यानें आयुष्यभर रकाने भरले त्या माणसास अशा नोंदीचा अर्थ सांगावा लागत नाहीं. छत्तीसगडांत २०१२ सालीं, तेव्हांच्या सरकारी विमा योजनेचे पैसे मिळविण्यासाठीं गरज नसतां स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचा बोभाटा झाला, व कांहीं डॉक्टरांचे परवाने स्थगित करण्यांत आले. दर शस्त्रक्रियेमागें पैसा मिळणार म्हटल्यावर शस्त्रक्रिया वाढणार, हा व्यवहार शेतकऱ्यास समजण्यासारखा आहे. सारांश, देखरेख दोन्हीं मार्गांत लागतेच. फरक इतकाच कीं, गांवच्या दवाखान्यावर गांवाची नजर राहूं शकते. परगांवच्या बिलावर राहत नाहीं.

सार्वत्रिक सेवेची कल्पना आपल्या देशास परकी नाहीं. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं एक समिति नेमण्यांत आली व तिचा अहवाल १९४६ सालीं निघाला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही मनुष्य पुरेशा उपचारांवांचून राहतां कामा नये, हें त्या अहवालाचें मूळ सूत्र होतें. आणि खेड्यांतील मनुष्यास शक्य तितक्या जवळ सेवा मिळावी असा त्याचा आग्रह होता. १९५२ पासून देशांत प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. आज सपाट प्रदेशांत ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत २०,००० लोकवस्तीस एक केंद्र असावें असें मान ठरलेलें आहे. आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क १५ ऑगस्ट २०२३ पासून माफ झालें आहे. म्हणजे पाया घातलेला आहे. भिंती मात्र अर्ध्या राहिल्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचें ठरलें होतें. २०२१-२२ सालीं तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षीं देशांत आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांपैकीं सुमारें एकोणचाळीस रुपये लोकांनीं स्वतःच्या खिशांतून दिले. २०१३-१४ सालीं हा आंकडा चौसष्ट होता. सरकारनें हात पुढें केला कीं लोकांचा भार हलका होतो, हेंच ह्यावरून दिसतें.

हें सरकारी अहवालांचें झालें. पण शेतकऱ्यांनीं स्वतः पुढाकार घेऊन हा प्रश्न सोडविल्याचें एक उदाहरण जगांत आहे, व तें वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. कॅनडा देशांत सस्कॅचवान नांवाचा गव्हाचा प्रांत आहे. विरळ वस्ती, एका घरापासून दुसरें घर लांब, हिवाळ्यांत सर्वत्र बर्फ, आणि सगळी भिस्त एका पिकावर. पीक बुडालें कीं डॉक्टराचे पैसे थकत, आणि पैसे थकले कीं डॉक्टर प्रांत सोडून जाई. पहिलें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास सार्निया ह्या ग्रामीण पंचायतींतील डॉक्टर असाच निघण्याच्या बेतांत होता. तेथील शेतकऱ्यांनीं त्यास पंचायतीच्या पैशांतून वर्षास १,५०० डॉलर देऊं केले, व तो राहिला. असा खर्च करण्याचा अधिकार तेव्हांच्या कायद्यांत नव्हता. १९१६ सालीं प्रांताच्या विधिमंडळानें तो दिला, आणि जमिनीवरील करांतून डॉक्टर नेमण्याची मोकळीक पंचायतींस मिळाली. एका पंचायतीचें पाहून दुसरीनें ही चाल उचलली. १९३० नंतरच्या दशकांत दुष्काळ, धुळीचीं वादळें आणि मंदी एकदमच कोसळलीं, तेव्हां जेथें पंचायतीचा डॉक्टर होता तेथील लोकांस त्याची किंमत कळली.

पुढें १९४४ सालीं टॉमी डग्लस हे त्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणीं त्यांच्या पायाच्या हाडास रोग होऊन पाय कापण्याची पाळी आली होती. एका शल्यविशारदानें विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या निमित्तानें फुकट शस्त्रक्रिया केली, म्हणून पाय वांचला. मुलाचा पाय असल्या योगायोगावर अवलंबून असूं नये, असें त्यांनीं मनाशीं धरिलें होतें. १९४६ सालीं स्विफ्ट करंट ह्या एका विभागांत माणशीं वर्गणी व जमिनीवरील कर ह्यांच्या बळावर सर्वांस डॉक्टराची व रुग्णालयाची सेवा सुरू झाली. १ जानेवारी १९४७ पासून सबंध प्रांतांत रुग्णालयाचा खर्च सार्वजनिक झाला; वर्गणी माणशीं वर्षास पांच डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठें असलें तरी तीस डॉलरांहून अधिक नाहीं. १ जुलै १९६२ रोजीं डॉक्टरांचीं बिलेंही सार्वजनिक निधींतून देण्याचें ठरलें, तेव्हां डॉक्टरांनीं तेवीस दिवस संप केला. शेवटीं तडजोड झाली. डॉक्टरांनीं आपला व्यवसाय स्वतंत्रपणें चालवावा, पण बिल सर्वांच्या वतीनें सार्वजनिक निधीनें द्यावें, असें ठरलें. १९६६ सालीं कॅनडाच्या संसदेनें त्याच धर्तीवर कायदा केला, आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यांत आले. ती व्यवस्था निर्दोष नाहीं. कांहीं शस्त्रक्रियांसाठीं तेथें महिनोन्महिने थांबावें लागतें, आणि रुग्णालयाबाहेर घ्यावयाचीं औषधें सर्वांस मोफत मिळत नाहींत. तरीही रुग्णालयाचें बिल फेडण्यासाठीं शेत विकण्याची पाळी तेथील शेतकऱ्यावर येत नाहीं, एवढी गोष्ट खरी.

ह्या हकीकतींतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं गांवांत डॉक्टर राखला. मग रुग्णालयाची सोय केली. आणि सर्वांचा विमा, म्हणजे सर्वांची सामाईक थैली, शेवटीं आली. थायलंड ह्या भाताच्या देशानेंही हाच क्रम धरिला. तेथें १९७२ पासून नव्या डॉक्टरांस सरकारी सेवा सक्तीची केली, पुढें जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान रुग्णालयें उभारलीं, आणि मग २००२ पर्यंत सर्वांस कराच्या पैशांतून उपचार देण्याची योजना देशभर पसरविली. तत्पूर्वीं १९८३ पासून तेथें ज्याची इच्छा त्यानें घ्यावें असें विम्याचें कार्ड होतें. आजारी घरें तें घेत आणि धडधाकट घरें टाळीत. त्यामुळें थैलींत पैसा कमी आणि मागणी जास्त असें होई. ऐच्छिक विम्याचें हें दुखणें कोठेंही चुकत नाहीं.

आपल्या शेजारच्या कर्नाटकाचा अनुभवही असाच आहे. तेथें २००३ सालीं सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठीं ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. वर्गणी माणशीं वर्षास ६० रुपये, आणि सरकारची भर. पहिल्याच वर्षीं सुमारें १६ लाख सभासद झाले. सहकाराचें बळ केवढें, हें त्यावरून दिसून आलें. पण पुढें वर्गणी वाढवितांच सभासद घटले, आणि सरकारी मदतीवांचून योजना कधींच स्वतःच्या पायावर उभी राहिली नाहीं. २०१८ सालीं ती बंद होऊन दुसऱ्या योजनेंत विलीन झाली, व २०२२ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आली. शस्त्रक्रियेस ती उपयोगी पडली. रोजच्या औषधपाण्याचा प्रश्न तिनेंही सोडविला नाहीं.

आतां आमच्या वाचकांस थोडें कडू बोलणें भाग आहे. सरकारी दवाखाना मोडकळीस येण्यास सरकार जबाबदार आहेच; पण गांवांतील चार जाणतीं, बोलतीं घरें तेथून उठून गेलीं, हेंही त्याचें एक कारण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचें काय झालें तें आपण पाहिलें. ज्यांचा शब्द चालतो त्यांचीं मुलें दुसऱ्या शाळेंत गेलीं, आणि मागें राहिलेल्या शाळेसाठीं भांडणारें कोणी उरलें नाहीं. दवाखान्याचेंही तेंच होत आहे. खातेदार पॉलिसी घेऊन शहराकडे पाहूं लागला कीं, डॉक्टराची जागा वर्षभर रिकामी राहिली तरी ग्रामसभेंत कोणी उठून विचारीत नाहीं. मजुराची बायको विचारूं शकत नाहीं, आणि विचारलें तर तिचें कोणी ऐकत नाहीं. अशा रीतीनें जो दवाखाना केवळ गरिबांचा म्हणून उरतो, तो गरिबांच्याही उपयोगाचा राहत नाहीं. आणि ज्या रात्रीं साप चावतो त्या रात्रीं खातेदाराच्याही उपयोगाचा राहत नाहीं.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न येथें निघेल. जुन्या मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड घेत, आणि त्यांतून रस्ते व मराठी शाळा चालत. आजही जिल्हा परिषदेच्या १९६१ च्या कायद्यानें साऱ्याच्या रुपयामागें वीस पैसे उपकर आहे. परंतु मूळ साराच इतका अल्प राहिला आहे कीं, कित्येक खात्यांवर पावतीच्या कागदाचाही खर्च निघत नाहीं. हें आम्ही अनुभवानें सांगतों. आमची सूचना अशी कीं, खातेदारांनीं आपण होऊन दवाखान्यासाठीं स्वतंत्र आरोग्य उपकर मागून घ्यावा. एका केंद्राखालीं ३०,००० वस्ती, म्हणजे घरटी पांच माणसें धरलीं तर ६,००० घरें होतात. घरामागें सरासरी वर्षास ५०० रुपये धरले तरी ३० लाख रुपये होतात. दहा एकरवाल्यानें जास्त द्यावे, दोन एकरवाल्यानें कमी द्यावे, भूमिहीनानें कांहींच देऊं नये. उपचार मात्र तिघांसही सारखे मिळावे. हा पैसा सरकारी अनुदानाच्या ऐवजीं नव्हे, तर त्याच्या भरीस असावा. तो त्याच केंद्राच्या औषधांवर, तपासणीवर व गाडीवर खर्च व्हावा. आणि त्याचा जमाखर्च दरवर्षीं ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. ह्या तीन अटींवांचून एक पैसाही देऊं नये, असेंही आम्ही म्हणतों. नवा कर कोणास गोड लागत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कंपनीस हजारों रुपयांचा हप्ता देण्यास जो तयार आहे, त्यास गांवच्या दवाखान्यासाठीं पांचशे रुपये जड वाटूं नयेत.

कर बसो वा न बसो, कांहीं गोष्टी आजपासून करतां येण्यासारख्या आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मंजूर जागा किती व भरलेल्या किती, हें ग्रामसभेंत लेखी विचारावें. प्रतिविष, कुत्र्याच्या दंशावरील लस, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या शिल्लक आहेत कीं नाहीं, ह्याची पाटी दर्शनी भागीं लावण्यास सांगावें. रुग्ण कल्याण समिति कागदावर असते. तिची बैठक भरते कीं नाहीं तें पाहावें, आणि आपल्यांतील एखाद्या हिशोबी माणसानें तिच्यांत बसावें. जेथें डॉक्टर व परिचारिका मनापासून काम करितात, तेथें त्यांचा मान ठेवावा; दमदाटी करून चांगला डॉक्टर पळवून लावूं नये. घरच्या लहानसहान दुखण्यासाठीं प्रथम त्याच दवाखान्यांत जावें. मतें मागावयास येणाऱ्यास अडीच टक्क्यांच्या वचनाचें काय झालें, हें एकदां तरी विचारावें.

एवढें करून ज्यास ऐपत आहे त्यानें वरच्या मोठ्या आजारासाठीं पॉलिसी अवश्य घ्यावी. मात्र घेतांना असलेला विकार लपवूं नये, कारण तोच पुढें दावा नाकारण्याचें निमित्त होतो. आणि सही करण्यापूर्वीं घरांतील शिकल्या-सवरल्या मुलामुलीकडून कलमें वाचून घ्यावीं. विमा हा आडपडद्यासारखा आहे. घर उभें असेल तर त्याचा उपयोग, घरच नसेल तर तो कोठें टांगावयाचा?

सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांनीं सरकारची वाट पाहिली नाहीं. त्यांनीं आपला एक डॉक्टर राखला, आणि कायदा त्यांच्या मागून आला. आपल्या सोसायटीच्या सभासदांनीं प्रत्येकीं आपल्या गांवच्या केंद्राची स्थिति पाहून येत्या वार्षिक सभेपूर्वीं ती लेखी कळवावी, आणि सोसायटीनें ती सर्व माहिती एकत्र करून जिल्हा परिषदेपुढें मांडावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. फेरफार वहींत कारणाचा रकाना नाहीं. परंतु तें कारण कमी करणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.